फझ पेडलचे पहिले किट : वऱ्हाडातून निवडताना

इलेक्ट्रॉनिक्स शिकायला सुरुवात करायची असेल आणि घरात गिटार असेल, तर फझ पेडल जोडण्यासारखे दुसरे काम नाही. मोजके भाग, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, सुटीचा एखादा दिवस, आणि संध्याकाळपर्यंत पायाखाली अशी एक डबी तयार होते की साधी गिटार गुरगुरायला लागते. अडते ते किट निवडताना. या किटांची दुकाने बहुतेक बाहेरची, जर्मनीतले म्युझिकडिंग किंवा अमेरिकेतले स्ट्यूमॅक. त्यांची माहितीपत्रके तिकडची हवा आणि तिकडची दुकाने गृहीत धरून लिहिलेली असतात. अमरावतीत किंवा अकोल्यात बसून तीच यादी जशीच्या तशी घेतली की पार्सल येते, पेडल वाजतेही, आणि एप्रिल उजाडला की बिनसते.

माझे मत आधीच सांगतो. पहिले किट असे घ्यावे की जे मे महिन्यातही डिसेंबरसारखेच वाजेल, आणि ज्याचा जळालेला भाग आपल्या गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळेल. या दोन कसोट्या लावल्या की दुकानातली निम्मी यादी आपोआप गळते.

आवाज फाटतो तेव्हा आत काय होते

गिटारच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल लहान असतो, साधारण शंभर-दोनशे मिलिव्होल्टचा. फझचे सर्किट त्याला कितीतरी पटींनी वाढवू पाहते. पण बॅटरी नऊ व्होल्टची, त्या मर्यादेपलीकडे ट्रान्झिस्टर जाऊ शकत नाही. म्हणून पायलीवरची रास फळीने सपाट करावी तसा लाटेचा माथा कापला जातो, आणि खालचा तळही. गोलसर लाट चौकोनी होते. चौकोनी लाटेत मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे सूर दाटीने येतात आणि आवाज दाणेदार, खरखरीत होतो. तारेचे कंपन हलके हलके होत गेले तरी सिग्नल इतका वाढवलेला असतो की माथा कापला जातच राहतो, म्हणून सूर लांबतोही.

याच कारणाने फझवर सहा तारांचा भरगच्च कॉर्ड वाजवला की सगळा चिखल होतो. प्रत्येक दोन सुरांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर त्यात घुसतात. एकच तार छेडावी, किंवा सा आणि प असे दोनच सूर. पहिल्याच दिवशी पूर्ण कॉर्ड वाजवून ‘किट खराब आहे’ असे ठरवू नये.

हा आवाज मुळात एका बिघाडातून सापडला. मार्टी रॉबिन्स यांचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे १९६१ साली आले. नॅशव्हिलमध्ये त्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा सिग्नल मिक्सिंग डेस्कच्या बिघडलेल्या भागातून गेला, आणि तो फाटका आवाज तसाच ठेवला गेला. ध्वनिअभियंते ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच आवाज ट्रान्झिस्टरांकडून मुद्दाम काढून घेणारे सर्किट रचले. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते मेस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आणले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने ते जगभर पोचवले.

एक, दोन की चार ट्रान्झिस्टर

बाजारातल्या फझ किटांची नावे शेकडो आहेत, पण नवशिक्याने पाहावीत अशी सर्किटे थोडीच. सगळ्यात लहान ते बॅझ फस : एक ट्रान्झिस्टर, एक डायोड, एक रेझिस्टन्स, दोन कंडेन्सर आणि एक व्हॉल्यूम कंट्रोल. सोल्डरिंगचा हात बसवायला ते उत्तम. पण आवाज ओबडधोबड, आणि सूर विरताना मध्येच तुटतो. दुसऱ्या टोकाला बिग मफ. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचे हे पेडल १९६० च्या दशकाच्या अखेरीस आले. त्यात चार ट्रान्झिस्टर, टोनचे वेगळे बटण, भरपूर रेझिस्टन्स आणि कंडेन्सर. आवाज भरदार आणि लांब, पण पहिल्याच कामात एक टाका चुकला तर शोधायच्या जागा फार.

या दोहोंच्या मध्ये आहे फझ फेस. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये काढले, जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली वाजले. यात दोनच ट्रान्झिस्टर. पहिला सिग्नल वाढवतो, दुसरा आणखी वाढवून कापतो, आणि १०० किलोओहमचा एक रेझिस्टन्स दुसऱ्याकडून थोडा अंश पहिल्याकडे परत आणून दोघांना ताळ्यावर ठेवतो. बाकी ३३ किलोओहम, ८.२ किलोओहम आणि ४७० ओहमचे रेझिस्टन्स, तीन कंडेन्सर, फझचे १ किलोओहमचे आणि व्हॉल्यूमचे ५०० किलोओहमचे बटण. संपले. संपूर्ण सर्किट वहीच्या अर्ध्या पानावर मावते आणि डोक्यातही मावते. पहिल्या किटसाठी मी हेच सुचवतो, कारण जे डोक्यात मावते तेच पुढे दुरुस्त करता येते.

जर्मेनियम आणि मे महिना

फझ फेस निवडले की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे की सिलिकॉनचे? जुन्या आवाजाचे चाहते जर्मेनियमचे नाव घेतात आणि त्यात तथ्य आहे. पहिली पेडले जर्मेनियमचीच होती, त्यांचा आवाज मऊ असतो, गिटारचे व्हॉल्यूम थोडे कमी केले की तो सुंदर स्वच्छ होतो. किट विकणारेही जर्मेनियमचे किट महाग आणि मानाचे म्हणून मांडतात. वऱ्हाडात राहणाऱ्याने मात्र पहिले किट जर्मेनियमचे घेऊ नये, असे मी ठामपणे म्हणेन.

कारण ऊन. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह गळत असतो. तापमान १० अंशांनी वाढले की दर वेळी ही गळती ढोबळमानाने दुप्पट होते. समजा एखाद्या दुकानदाराने २५ अंशांच्या खोलीत ट्रान्झिस्टरांची जोडी नीट मोजून, जुळवून पाठवली. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. म्हणजे गळती चौपट. ट्रान्झिस्टर ही गळती स्वतःच्या गुणकाने, म्हणजे प्रवाह जितक्या पटींनी वाढवतो त्या आकड्याने, आणखी वाढवतो, आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचे (ट्रान्झिस्टरचे तीन पाय : कलेक्टर, बेस, एमिटर) व्होल्टेज ठरलेल्या जागेवरून सरकते. ते बॅटरीच्या निम्म्यावर, साडेचार व्होल्टच्या आसपास, असेल तर लाट वरून-खालून सारखी कापली जाते. एका बाजूला सरकले की आवाज पातळ होतो, फुटतो, कधी पेडल नुसते खोकते. मांडवात, उघड्या स्टेजवर, दिवसभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीतून काढलेल्या पेडलमध्ये तर ४५ च्याही वरचा हिशेब धरावा लागेल. सर्किट बरोबर, जोडकाम बरोबर, तरी आवाज वाईट, अशी ही स्थिती. नवशिक्याला वाटते आपलेच काही चुकले, आणि तो चांगला टाका उकलून पुन्हा घालत बसतो.

सिलिकॉनची गळती इतकी क्षुल्लक असते की चौपट झाली तरी कानाला कळत नाही. तापमानाने त्याच्या बेसवरचे व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरते, म्हणजे वीस अंशांच्या फरकाला चाळीस मिलिव्होल्ट. साडेचार व्होल्टच्या हिशेबात त्याने फारसे बिघडत नाही.

जर्मेनियमची आणखी एक गोष्ट. ते ट्रान्झिस्टर बहुधा पीएनपी जातीचे असतात, आणि त्यांच्या जुन्या पद्धतीच्या सर्किटात बॅटरीचे धन टोक जमिनीला (ग्राउंडला) जोडलेले असते. असे पेडल इतर पेडलांबरोबर एकाच ॲडॉप्टरवर लावले तर शॉर्ट होते.

तरीही जर्मेनियमची ओढ असेल तर ती पुढच्या पेडलसाठी राखून ठेवावी, आणि त्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने १९६२ पासून जर्मेनियमचे अर्धवाहक भाग बनवले. जुन्या भारतीय रेडिओंमध्ये आणि ॲम्प्लिफायरांमध्ये एसी १२८ सारखे ट्रान्झिस्टर सापडतात. घराच्या माळ्यावर पडलेल्या बंद रेडिओत, भंगाराच्या गाड्यावर, जुन्या मेकॅनिकच्या पत्र्याच्या डब्यात ते आजही असू शकतात. मोजल्याशिवाय मात्र ते वापरायचे नसतात, गुणक आणि गळती दोन्ही पाहावी लागतात. आणि अशा पेडलवर कलेक्टरचे व्होल्टेज बाहेरून फिरवता येईल असे तिसरे बटण बसवावे, म्हणजे जानेवारीत एक जागा आणि मे मध्ये दुसरी जागा लावता येते.

बीसी ५४७ : गावात मिळणारा ट्रान्झिस्टर

सिलिकॉनच्या फझ फेसमध्ये पूर्वी बीसी १०८, बीसी १८३ असे ट्रान्झिस्टर वापरत. आज आपल्याकडे सहज मिळतो तो बीसी ५४७, काही रुपयांत एक. अमरावती असो, अकोला असो की मूर्तिजापूर, जिथे ॲम्प्लिफायर दुरुस्त होतो तिथे तो असतो. किटमध्ये दुसरा कुठला सिलिकॉन ट्रान्झिस्टर आला तरी त्याच्या जागी बीसी ५४७ चालेल का, हे आधीच पाहून ठेवावे.

यात एक सापळा आहे. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. अमेरिकन किटांत नेहमी दिसणाऱ्या २एन ३९०४ किंवा २एन ५०८८ मध्ये तोच क्रम उलटा असतो : एमिटर, बेस, कलेक्टर. पीसीबीवरच्या, म्हणजे भाग बसवायच्या छापील पाटीवरच्या, चित्राप्रमाणे बीसी ५४७ बसवला तर तो उलटा बसेल. पेडल बंद राहील किंवा अगदी मलूल वाजेल. नवा ट्रान्झिस्टर अर्धा फेरा फिरवून लावला की काम होते.

बीसी ५४७ ए, बी आणि सी अशा तीन गटांत येतो. ए चा गुणक ११० ते २२०, बी चा २०० ते ४५०, सी चा ४२० ते ८००. फझसाठी ए किंवा बी मागावा. सी गटाचा आवाज कर्कश होतो, शिटी वाजू लागते, आणि अशा पेडलमधून कधी कधी रेडिओ स्टेशनही ऐकू येते. तशी वेळ आलीच तर ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमध्ये १०० पिकोफॅरॅडचा छोटा सिरॅमिक कंडेन्सर टाकावा.

पाकिटात काय असलेच पाहिजे

रेझिस्टन्स, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, एलईडी, वायर हे सारे गावात मिळते. मग किटला पैसे कशाचे द्यायचे? जे गावात मिळत नाही त्याचे. पायाने दाबायचा नऊ पायांचा थ्री-पीडीटी स्विच, ॲल्युमिनियमचा ओतीव डबा, चांगल्या जातीचे ६.३५ मिलिमीटरचे जॅक, आणि छापील पीसीबी. या चार गोष्टी ज्या किटमध्ये नाहीत ते किट स्वस्त दिसले तरी घेऊ नये. नुसत्या पीसीबीच्या पाकिटालाही ‘किट’ म्हणून विकतात, म्हणून यादी ओळीओळीने वाचावी.

डबा भोके पाडून आलेला असावा. स्विचला १२ मिलिमीटर, जॅकला साडेनऊ, बटणाला सात आणि एलईडीला पाच मिलिमीटर अशी वेगवेगळी भोके लागतात, आणि घरच्या ड्रिल मशीनवर १२ चे भोक पाडताना डबा हातातून निसटून जखम होऊ शकते. कोरा डबाच आला असेल तर एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये नेऊन भोके पाडून घ्यावीत.

नवशिक्या सर्वात जास्त फसतो तो पीसीबीवर नाही, स्विचवर. नऊ पायांमधल्या वायरी एकमेकींना चिकटतात, पाय जास्त तापून आतले प्लास्टिक वितळते. म्हणून स्विचसाठी वेगळी छोटी पाटी देणारे किट मिळाले तर थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्यावे. पीसीबीवर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरसाठी ट्रिमर, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टन्स, असावा, ८.२ किलोओहमचा ठरीव रेझिस्टन्स नसावा. बीसी ५४७ वापरला की दुसऱ्या ट्रान्झिस्टरमधून साधारण पाऊण मिलिअँपिअर वाहतो आणि ठरीव रेझिस्टन्सवर कलेक्टर तीन व्होल्टच्या आसपास अडकून बसतो. ट्रिमरने तो साडेचारवर आणता येतो.

आणि पुस्तिका. चांगला विक्रेता जोडणीची पुस्तिका विकत घेण्याआधीच वाचायला देतो. ती आधी उतरवून घ्यावी, पूर्ण वाचावी. सर्किटचे चित्र आहे का, प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या पायावर किती व्होल्ट अपेक्षित आहेत ते दिले आहे का, हे पाहावे. नुसती रंगीत छायाचित्रे असतील तर किट जोडून होईल, पण बंद पडले तर पुस्तिका उपयोगी पडणार नाही.

परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करावा. पुष्कळदा ते किटच्या किमतीच्या बरोबरीला येतात. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाणे होणार असेल, तर स्विच, जॅक आणि डबा तिथे शोधून पीसीबी तेवढी मागवणे हाही मार्ग आहे. पण तो दुसऱ्या पेडलसाठी. पहिल्या वेळी सगळे एका पाकिटात आलेले बरे.

ॲडॉप्टर

गिटार पेडलच्या ॲडॉप्टरमध्ये पिनेच्या मधले टोक ऋण आणि बाहेरचे धन असते. आपल्या बाजारात मिळणाऱ्या राउटरच्या, सेट-टॉप बॉक्सच्या ॲडॉप्टरमध्ये बहुधा याच्या उलट. व्होल्टेजही बरेचदा बारा असते. म्हणून उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड किटमध्ये आहे का ते पाहावे आणि सुरुवातीला बॅटरीच वापरावी. फझ जेमतेम एक मिलिअँपिअर खातो, साधी बॅटरी महिनोन्‌महिने पुरते. मात्र वाजवणे झाले की इनपुटची पिन काढून ठेवावी. या पेडलमध्ये इनपुटला स्टिरिओ जॅक लावून त्याच्या मधल्या पट्टीतून बॅटरीचे ऋण टोक जोडलेले असते. पिन आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते, पायाचा स्विच बंद असला तरी.

हत्यारे आणि हात

२५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न पुरे, सोल्ड्रॉनचे साधे चालेल. ६०-४० ची सोल्डरची बारीक तार, शक्यतो ०.८ मिलिमीटर, साधा डिजिटल मल्टिमीटर, कटर आणि डिसोल्डरिंग पंप. पत्र्याच्या कामाचे ॲसिड फ्लक्स पीसीबीवर लावू नये, ते पुढे तांबे खाते. तारेच्या पोटात असते तेवढे फ्लक्स पुरते. तारेत शिसे असते, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

उन्हाळ्यात कूलरच्या झोतात बसून सोल्डरिंग करू नये. वाऱ्याने टोक आणि टाका दोन्ही भराभर निवतात आणि ड्राय सोल्डर बसते : टाका वरून लागलेला दिसतो, आत पाय मोकळा. खिडकी उघडी ठेवून सकाळी काम करावे. आधी रेझिस्टन्स, मग छोटे कंडेन्सर, मग इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर धन-ऋण पाहून, शेवटी ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टरचा पाय दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त तापवू नये.

आवाज आला नाही तर

डब्यात बसवण्याआधी सगळे टेबलावर जोडून वाजवून पाहावे. नाही वाजले तर मल्टिमीटर घेऊन तीन जागा मोजाव्यात. बीसी ५४७ च्या फझ फेसमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर साधारण ०.६ व्होल्ट, त्याच्या कलेक्टरवर १.३ च्या आसपास, आणि दुसऱ्याच्या कलेक्टरवर ट्रिमरने लावलेले साडेचार. पहिल्याच्या कलेक्टरवर यापेक्षा बरेच जास्त दिसले तर तो ट्रान्झिस्टर नीट चालत नाही, पाय उलटे बसले आहेत का ते पाहावे. सगळीकडे शून्य असेल तर चूक पीसीबीवर नाही, बॅटरीच्या किंवा इनपुट जॅकच्या वायरीत.

व्होल्टेज बरोबर, तरी आवाज नाही? मग गिटारची एक जुनी वायर घ्यावी, तिच्या मधल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर जोडावा, वायरीची जाळी पेडलच्या जमिनीला लावावी, आणि दुसरे टोक ॲम्प्लिफायरमध्ये घालावे. गिटार कोणाला तरी छेडत ठेवायला सांगून कंडेन्सरचे मोकळे टोक इनपुटपासून पुढे पुढे एकेका टाक्यावर टेकवत जावे. ज्या टाक्यावर आवाज थांबतो, बिघाड त्याच्या अलीकडे-पलीकडेच असतो. साउंड सर्व्हिस आणि डीजेचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे मेकॅनिक सिग्नलचा असा माग काढण्यात तरबेज असतात. अशा कुणाजवळ एक दुपार बसायला मिळाले तर जरूर बसावे.

कूलर, मिक्सर आणि बँजो

पेडल वाजू लागले की घरात नवा आवाज ऐकू येतो, घूं. एका कॉइलचे पिकअप आजूबाजूच्या मोटरांचे चुंबकीय क्षेत्र पकडतात आणि फझ ते वाढवते. वऱ्हाडात मार्च ते जून घरोघरी कूलर चालू असतो. गिटार घेऊन कूलरपासून दूर जावे, अंग फिरवून पाहावे. एका ठराविक कोनात घूं बरीच उतरते. फॅनच्या रेग्युलेटरमुळे होणारी कुरकुर वेगळी, तिला रेग्युलेटर पूर्ण फुल करणे हा उपाय. घराचे अर्थिंग मात्र जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच तपासून घ्यावे.

कॉलेजच्या गॅदरिंगला गिटारचा ॲम्प्लिफायर बहुधा नसतो, साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये थेट पिन घालावी लागते. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज गाळून टाकतो, मांडवातले मोठे स्पीकर तो सगळा ओततात. त्यामुळे खोलीत गोड वाजलेला फझ तिथे भुंग्यासारखा कानात घुसतो. मिक्सरवर हायचे बटण बरेच खाली आणावे, पेडलचे टोन बटण असेल तर तेही. अनेक पेडले लावायची असतील तर फझ फेस गिटारला सर्वात जवळ असावे. त्याच्या आधी बफर (गिटार आणि पुढचे पेडल यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे सर्किट) असलेले पेडल आले की गिटारच्या व्हॉल्यूमने आवाज स्वच्छ करण्याची त्याची खुबी जाते.

हेच पेडल पिकअप बसवलेल्या बुलबुल तरंगलाही, म्हणजे आपल्या मिरवणुकांतल्या बँजोलाही, लागू पडते. एका वेळी एक सूर, लांबवत नेलेला, हीच बँजोची चाल, आणि फझलाही तेच मानवते. बँजोवर फझचे बटण अर्ध्यावरच ठेवून सुरुवात करावी, कारण त्याच्या पिकअपचा सिग्नल गिटारपेक्षा वेगळा असतो. मग व्हॉल्यूम वाढवत, ट्रिमर थोडा थोडा फिरवत कानाला पटेल तिथे थांबावे.